अ‍ॅजॅक्सचं गाव कोणतं?

“सर, आयोग नेमला होता काय?”

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला आणि सगळा वर्ग हसला. फळ्यावर मी खडूनं एक वेडंवाकडं बेट काढलं होतं. डावीकडे मेगारा, उजवीकडे अथेन्स आणि मध्ये समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीत सॅलॅमिस. शंभर चौरस किलोमीटरसुद्धा भरणार नाही एवढं ते बेट, पण दोन्ही शहरं म्हणत होती, आमचं. इतकंच मी सांगितलं होतं. आपल्या भागातल्या मुलांना त्यापुढचं फारसं समजावावं लागत नाही.

“नेमला होता,” मी म्हणालो. “पाच जणांचा. पाचही स्पार्टाचे.”

हसणं थांबलं. “मग निकाल कुणाकडून लागला सर?”

सतरा वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण ग्रीक शोकांतिकेच्या तासाला शेवटचा बाक इतका जागा झालेला क्वचितच पाहिला. अभ्यासक्रमात आहे ते ‘ईडिपस’. सॉफोक्लीसचं ‘अ‍ॅजॅक्स’ मी माझ्या हौसेनं, उरल्यासुरल्या तासांत घेतो. ते घेताना सॅलॅमिसचा वाद सांगावाच लागतो. अ‍ॅजॅक्स हा सॅलॅमिसचा राजपुत्र, ट्रॉयच्या युद्धात अकिलीसच्या खालोखालचा योद्धा. बेटाच्या वादात अथेन्सनं साक्षीला उभं केलं ते या कधीच मेलेल्या माणसाला.

मुलांच्या डोक्यात ‘हिरो’ म्हणजे सिनेमातला. मूळ ग्रीक शब्द हेरोस, आणि ग्रीकांच्या लेखी हेरोस म्हणजे सर्वांत आधी मेलेला माणूस. जमिनीत गेलेला, पण संपलेला नव्हे. झ्यूस, अथीना हे देव सगळ्यांचे. हिरो मात्र बहुधा एखाद्या गावाचा. जिथं त्याचं थडगं, तिथं त्याची ताकद. त्याला ठरल्या दिवशी बळी द्यायचा, जमिनीत पेय ओतायचं. खूश असला तर शत्रूपासून राखणार, दुखावला तर पीडा देणार. तो सद्गुणी असलाच पाहिजे अशी अट नव्हती. आपल्याकडे वेशीवर, जुन्या देवळाच्या आवारात शेंदूर लावलेले वीरगळ ज्यानं पाहिलेत, त्याला हे फार परकं वाटू नये. (हा शब्दही बघा. वीर आणि कल्लु, म्हणजे दगड. आपण तो मराठी म्हणून बिनदिक्कत वापरतो आणि त्यातला दगड कन्नड आहे हे विसरून जातो.)

ग्रीकांचं वेगळेपण असं, की त्यांच्या शहरांनी या मेलेल्या वीरांना कारभारात घेतलं. स्पार्टानं टेगियाशी लढताना ओरेस्टिसची हाडं तिथून गुपचूप उचलून आणली, आणि मग लढाया जिंकू लागलो असं मानलं. अथेन्सचा सेनापती सायमन यानं इ.स.पू. ४७५ च्या सुमाराला स्कायरॉस बेट घेतलं, तिथं उकरून एक अवाढव्य सांगाडा काढला आणि हा आमचा थिसिअस म्हणून जहाजातून घरी आणला. राजा परत आल्यासारखं अथेन्सनं मिरवणुकीनं त्याचं स्वागत केलं. पुढं थिसिअसच्या त्या जागेत पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळायचा. पण थिसिअस निदान अथेन्सच्या राजाचा मुलगा तरी होता. अ‍ॅजॅक्स अथेन्सचा कुणीच लागत नव्हता.

आता आयोगाकडे. प्लुटार्कनं सोलॉनच्या चरित्रात ही हकीकत दिली आहे. सोलॉन म्हणजे अथेन्सचा कायदे करणारा, काळ इ.स.पू. सहावं शतक. त्यानं पहिला पुरावा दिला तो होमरचा. ‘इलियड’मध्ये कोण किती जहाजं घेऊन ट्रॉयला आला याची लांबलचक यादी आहे. त्यात अ‍ॅजॅक्सच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. तो सॅलॅमिसहून बारा जहाजं घेऊन आला, आणि ती त्यानं अथेन्सच्या रांगेशेजारी उभी केली. झालं! शेजारी उभी केली म्हणजे तो अथेन्सच्याच बाजूचा. दुसरी ओळ सोलॉननंच पदरची घातली असा बोभाटा तेव्हापासून आहे. प्लुटार्क म्हणतो, खुद्द अथेन्सवाले मात्र हे बोलणं पोकळ मानतात. ते काही असो, होमरला साक्षीला बोलावलं होतं हे अ‍ॅरिस्टॉटलनंही नोंदवलंय.

दुसरा पुरावा थडग्यांचा. सोलॉन म्हणाला, बेटावरची प्रेतं पश्चिमेकडे तोंड करून पुरलेली आहेत, आणि ती आमची रीत. मेगाराचे लोक पूर्वेकडे तोंड करतात. यावर मेगाराच्या एका इतिहासकारानं उत्तर दिलंय, आम्हीही पश्चिमेकडेच तोंड करतो. फरक दुसराच आहे. अथेन्सवाले एका थडग्यात एकच माणूस पुरतात, आम्ही तीन-तीन चार-चार. हे वाचताना मला दर वेळी हसू येतं आणि मग जरा कसंतरी होतं. दोन शेजारी शहरं. भाषा एकच, नुसता बोलीचा फरक. देव तेच. वेगळेपण दाखवायला शेवटी मेलेल्यांची तोंडं कुठं वळलीत ते बघावं लागलं.

तिसरा पुरावा कुळाचा. अ‍ॅजॅक्सला दोन मुलं, फिलेअस आणि युरिसॅसीस. दोघांनी अथेन्सचं नागरिकत्व घेतलं आणि बदल्यात बेट अथेन्सला देऊन टाकलं. एक ब्राउरॉनला राहिला, दुसरा अथेन्स शहराच्या मेलिटी भागात. म्हणजे बेट जिंकलं नव्हतं, ते मुलांनी स्वखुशीनं दिलेलं होतं. अशा कहाण्या कधी आणि कशासाठी रचल्या जातात हे वर्गातल्या कुणालाही विचारा. पण सोलॉनचा भर होता तो यावरच.

निकाल अथेन्सच्या बाजूनं लागला. मागचा बाक म्हणाला, “म्हणजे सेटिंग.” मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. घंटा झाली होती.

मला स्वतःला या प्रकरणात निकालापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. बेट मिळाल्यावर अथेन्सनं अ‍ॅजॅक्सचं काय केलं? खटला संपला की साक्षीदाराला कोण विचारतं? अथेन्सनं त्याला घरात घेतला.

इ.स.पू. ५०८ च्या सुमाराला क्लायस्थेनीसनं राज्यकारभाराची घडी नव्यानं बसवली. जुनी चार कुळं त्यानं बाजूला सारली आणि दहा नवे गट केले. प्रत्येक गटात थोडी गावं किनाऱ्याची, थोडी आतल्या मुलखाची, थोडी शहरातली. हेतू असा, की एका गटात सगळे एकाच भागातले, एकाच घराण्याच्या दावणीचे येऊ नयेत. या दहा गटांना नावं कुणाची द्यायची? शंभर वीरांची यादी डेल्फीला पाठवली आणि तिथल्या देवाच्या भविष्यवादिनीनं त्यातून दहा निवडले. नऊ अथेन्सशी नातं सांगणारे. दहावा अ‍ॅजॅक्स. हिरॉडोटसनं याचं कारण देऊन ठेवलंय: तो परका होता, पण शेजारी होता आणि मित्र होता, म्हणून त्याला घेतलं.

हे नाव नुसतं कागदावर नव्हतं. अथेन्सचा माणूस अ‍ॅजॅक्सच्या गटात जन्मला की मरेपर्यंत त्या गटाचा. पाचशे जणांच्या सभेत त्याच्या गटाचे पन्नास सभासद. लढाईत तो गटाच्या रांगेत उभा राहणार. कामी आला तर दगडावर त्याचं नाव गटाच्या यादीत कोरलं जाणार. उत्सवात गायन-नृत्याच्या स्पर्धा गटागटांत. शहराच्या चौकात या दहा वीरांचे पुतळे एका लांब ओट्यावर ओळीनं उभे होते. त्या ओट्याचे अवशेष आजही अथेन्सच्या अगोरात दिसतात. पुतळ्यांखाली सरकारी फलक लागायचे. नव्या कायद्यांचे मसुदे तिथं. लढाईला कुणी जायचं त्यांची नावंही आपापल्या वीराच्या पुतळ्यापाशी. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘शांती’ या नाटकात एक गावाकडचा माणूस सहज चौकात येतो, पँडिऑनच्या पुतळ्याजवळ स्वतःचं नाव बघतो आणि धावत सुटतो, कारण उद्या निघायचंय आणि शिदोरी घेतलेली नाही. आपल्या तहसील कचेरीच्या फळ्यासमोरची गर्दी आठवली. पुराणातला राजा, आणि त्याच्या पायाशी नोटीस!

अ‍ॅजॅक्सच्या गटाचा थाट तर काही औरच. मॅरेथॉन हे गावच त्या गटात मोडायचं. इ.स.पू. ४९० मध्ये तिथं इराणी सैन्याशी लढाई झाली तेव्हाचा सेनाप्रमुख कॅलिमाकस हाही त्याच गटातला. तो त्या लढाईत पडला. प्लुटार्कच्या एका पुस्तकात जेवणाच्या पंगतीतला वाद आहे: गायनाच्या स्पर्धेत अ‍ॅजॅक्सच्या गटाला कधीच शेवटचा नंबर का देत नसत? पंगतीतला एक जण म्हणतो, अ‍ॅजॅक्सला हार सहन होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून. मेलेल्या माणसाचा राग सांभाळून परीक्षक गुण देत होते!

मग इ.स.पू. ४८०. इराणचा राजा झर्क्सिस अथेन्स जाळून पुढं आलेला, ग्रीकांची जहाजं सॅलॅमिसच्या खाडीत. पहाटे भूकंप झाला. तेव्हा ठरलं, देवांची प्रार्थना करायची आणि वीरांना मदतीला बोलवायचं. अ‍ॅजॅक्स आणि त्याचा बाप टेलामॉन यांना तिथल्या तिथं हाक दिली. घराण्यातल्या बाकीच्यांना आणायला एजायना बेटाकडे खास जहाज धाडलं. (याआधी एकदा थीब्झनंही एजायनाकडे मदत मागितली होती, तेव्हा हेच वीर पाठवले गेले होते. तरी मार खाल्ल्यावर थीब्झनं ते परत पाठवले आणि कळवलं, वीर नकोत, माणसं द्या.) सॅलॅमिसला मात्र ग्रीक जिंकले. लुटीत मिळालेल्या फिनिशियन जहाजांपैकी तीन अर्पण केली, आणि त्यातलं एक अ‍ॅजॅक्सला, त्याच्याच बेटावर. ज्याच्या नावानं बेट मागितलं होतं त्यानं बेट राखलं, असा हिशेब झाला.

हे सगळं मी आठवडाभर घरी जेवणाच्या टेबलावर बसून पुन्हा वाचत होतो. मला मोठ्यानं वाचायची खोड आहे. इंग्रजी ओळ वाचायची, मग मराठीत काय होईल ते पुटपुटायचं, आणि समोर बायको असली की कन्नडमध्येही. ती गोकाककडची. मेथी निवडत ऐकत होती.

मी नाटकाचा शेवट वाचत होतो. अकिलीसचं चिलखत ओडिसिअसला मिळालं, अ‍ॅजॅक्सला नाही. त्या अपमानानं तो रात्री सरदारांना कापायला निघाला. अथीनेनं त्याला भ्रम घातला, आणि त्यानं कापली ती छावणीतली गुरंढोरं. शुद्धीवर आल्यावर लाज सहन होईना. हेक्टरनं दिलेली तलवार जमिनीत रोवून तो तिच्यावर पडला. मग उरलेलं अर्धं नाटक त्याच्या प्रेताचं काय करायचं यावर आहे. अगामेम्नॉन म्हणतो, पुरायचा नाही. सावत्र भाऊ ट्यूसर म्हणतो, पुरणार. अथेन्सच्या नाटकघरात बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच्याच गटाचे असणार. ज्याचा पुतळा चौकात आहे, ज्याच्या नावानं आपण रांगेत उभे राहतो, त्याला माती मिळते की नाही हे ते बघत होते.

ट्यूसरची आई ट्रॉयची, युद्धात बक्षीस म्हणून टेलामॉनला मिळालेली. अगामेम्नॉन त्यावरच बोट ठेवतो. तू बाटग्या पोटचा; तुझ्या वतीनं बोलायला कुणी स्वतंत्र माणूस आण, मला तुमची रानटी भाषा समजत नाही. आणि ट्यूसर तर त्याच्याशी चांगला समजेल असं बोलत होता! तोही गप्प बसत नाही. तुझा आजा पेलॉप्स कुठला रे, फ्रिजियाचाच ना? तुझी आई क्रीटची, तिचं काय काय झालं ते सांगू?

बायको हसली. “बरं सुनावलं.” मग जरा थांबून म्हणाली, “री, आ हुडुगन ताई याव ऊराकी?”

कुठला मुलगा, हे मला लगेच कळलं नाही. ती विचारत होती युरिसॅसीसबद्दल, अ‍ॅजॅक्सच्या लहान मुलाबद्दल. मरण्याआधी बाप त्याच्या हाती आपली ढाल देतो. त्याचं नावच मुळी त्या रुंद ढालीवरून ठेवलेलं. शेवटी ते पोर बापाच्या प्रेताला धरून बसतं, म्हणजे कुणी ओढून नेऊ नये. त्याची आई टेक्मेसा. ती फ्रिजियाची. अ‍ॅजॅक्सनंच तिचा मुलूख उद्ध्वस्त केला आणि तिला धरून आणलं.

“मग ती पोराशी कुठल्या भाषेत बोलायची?”

“नाटकात सगळे ग्रीकच बोलतात,” मी म्हणालो.

“नाटकात नको. घरात.”

मी पानं चाळली. टेक्मेसा सुंदर बोलते, अ‍ॅजॅक्सची समजूत काढते, पहिल्यांदा प्रेतावर वस्त्र घालते ती तीच. शेवटच्या भागात ती प्रेतापाशी आहे, पण एक शब्द बोलत नाही. पुढं मुलगा अथेन्सचा नागरिक झाला. पॉसेनियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथं गेला, तेव्हा सॅलॅमिसवर अ‍ॅजॅक्सचं देऊळ आणि त्यात शिसवीची मूर्ती होती, आणि अथेन्समध्ये युरिसॅसीसची वेदी होती. टेक्मेसाचं नाव त्या नोंदीत नाही.

गंमत अशी, की इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसनं कायदा केला: आई आणि बाप दोन्ही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. त्या हिशेबानं युरिसॅसीसला अथेन्सचे दरवाजे बंद. थिसिअसलाही बंद, कारण त्याची आई ट्रिझेनची. थिसिअसची हाडं आणणारा सायमन, त्याची आई थ्रेसच्या राजाची मुलगी. आणि हे घराणं आपलं कूळ अ‍ॅजॅक्सच्या फिलेअसपर्यंत नेऊन पोचवायचं. मेलेल्यांच्या आया कुणी तपासल्या नाहीत. कायदा जिवंतांसाठी होता. पेरिक्लीसची स्वतःची दोन मुलं साथीत गेली, तेव्हा परदेशी अस्पॅशियापासून झालेल्या मुलाला नागरिक करून घ्यायला त्याला लोकांपुढं पदर पसरावा लागला.

हे मी बायकोला सांगितलं. ती “हूं” म्हणाली आणि मेथीची जुडी संपवून उठली. त्या ‘हूं’चा अर्थ मला चांगला माहीत होता.

आमची मुलगी यंदा दहावी झाली. दहा वर्षांपूर्वी तिला पहिलीत घातलं तेव्हा शाळेचा फॉर्म मी भरला. मातृभाषा या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिलं. बायको शेजारी उभी होती. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि ती काही बोलली नाही. तेच उत्तर मग दरवर्षी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत आलं. पोरगी माझ्याशी मराठी बोलते, आईशी आणि गोकाकच्या मामांशी कन्नड. भांडायला लागली की दोन्हीत. परवा पी.यू.सी.चा फॉर्म तिनं स्वतः भरायला घेतला.

“पप्पा, मातृ म्हणजे अव्वाच की?”

“हो.”

“मग?”

मी म्हटलं, तुला बरोबर वाटेल ते लिही. खरं सांगायचं तर म्हणताना घसा जरा अडला. आपल्या भागात हा रकाना काय चीज आहे, हे इथं वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. माझे वडील असते तर त्यांनी पेन काढून घेतलं असतं. तिनं त्या बोटभर चौकटीत बारीक अक्षरात ‘कन्नड, मराठी’ असं दोन्ही बसवलं.

कॉलेजच्या खिडकीवरून फॉर्म परत आला. आधीच्या दाखल्याशी मेळ बसत नाही, दुरुस्ती हवी असेल तर पालकांचा अर्ज जोडा. रात्री मी अर्ज लिहायला बसलो. विषय, संदर्भ, मुलीचं नाव. कारण म्हणून लिहिलं, की पूर्वीची नोंद वडिलांनी चुकीची केली होती.

बायकोनं चष्मा लावून वाचलं. “चुकीची न्हवं,” ती म्हणाली, “अर्धी.” आणि कागद माझ्यापुढं सरकवला. खाडाखोड चालणार नव्हती, म्हणून मी कोरा कागद घेऊन पुन्हा ‘विषय’पासून सुरुवात केली.